भोक बुजवायचं, अक्षर लिहायचं नाही

(पारोळा इथे महिला गटांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बैठकीचं बोलावणं आलं तेव्हा संयोजक मैत्रिणीने विचारलं, "ताई, विषय काय लिहू? कायदा की बचत गट?" मी म्हटलं, "कागद लिही." ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे कागदपत्रं काढायची योजना का?" मी म्हटलं, "काढलेले कागद टिकवायची योजना."

आपल्यापैकी प्रत्येकीकडे पत्र्याची एक पेटी किंवा प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, मुलांचे दाखले, लग्नाची पत्रिका, कधी सातबारा, कधी माहेरहून आलेलं पत्र. घराला आग लागली तर बाई आधी पोराला उचलते आणि मग ती पिशवी. पण त्या पिशवीतला कागद कशाने मरतो आणि कशाने जगतो, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. मी समाजकार्यात एम.ए. केलं, दोन वर्षं अभ्यास केला, पण तिथेही हे कोणी शिकवलं नाही. मला ते माझ्या एका चुकीने शिकवलं. म्हणून आधी चूक सांगते.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकती कामाला लागले होते. इथल्याच तालुक्यातली एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. तिचं नाव सांगत नाही. नवरा कामाला सुरतेला गेला, तिकडेच त्याने दुसरं घर केलं आणि हिला म्हणाला, तुझं माझं लग्नच झालेलं नाही. खावटीचा दावा लावायचा होता. तिच्याजवळ लग्नाचा फोटो नव्हता, नोंदणी नव्हती. होतं एक निळं अंतर्देशीय पत्र. पहिल्या वर्षी नवऱ्याने सुरतेहून तिला पाठवलेलं. पत्त्याच्या जागी त्याच्या हाताने 'सौ.' आणि पुढे तिचं नाव, त्याच्या आडनावासकट. ती ते लुगड्याच्या घडीत ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण 'सौ.' कुठे आहे ते बोटाने बरोबर दाखवायची.

पत्र घडीवर चिरलं होतं. मला वाटलं, हे कोर्टात जाईपर्यंत टिकणार नाही. मी मोठ्या उत्साहाने ते झेरॉक्सच्या दुकानात नेलं आणि लॅमिनेशन करायला दिलं. दुकानातल्या मुलाने घडी सपाट करायला त्यावरून अंगठा फिरवला. घडीवरचा एक कपचा उडाला. करंगळीच्या नखाएवढा. तो कुठे पडला ते कळलंही नाही. यंत्रातून गरम प्लॅस्टिक बाहेर आलं तेव्हा मी बघितलं, तर 'सौ.' गेलेला होता. आधी झेरॉक्स काढून ठेवावी एवढीही अक्कल मला नव्हती.

पुढे समोरच्या वकिलाने सहीच नाकारली. हस्ताक्षर तपासायचं तर कागद मोकळा हवा, शाई बघता यायला हवी. कागद होता प्लॅस्टिकच्या आत. शेवटी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर, जुन्या रेशनकार्डावर आणि लग्नाला हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या साक्षीवर दावा उभा राहिला आणि खावटी मंजूर झाली. पण मध्ये दोन वर्षं जास्तीची गेली. ती दोन वर्षं तिने दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून काढली. आणि त्या दोन वर्षांत ती केंद्रात आली की मला एकच विचारायची, "ताई, मना कागद कोठे शे?" तो कागद फाइलमध्येच होता. पण ती विचारत होती तो कागद आता नव्हता.

ते प्लॅस्टिक सोडवता येतं का, हे विचारायला मी एका मोठ्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयात गेले. तिथे पुस्तकं दुरुस्त करणारा विभाग आहे असं ऐकलं होतं. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक लांब टेबल, काचेचा एक तुकडा, दोन ट्रे, लाकडी दाब आणि एक ताई. त्यांनी पत्र उजेडासमोर धरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "हे आता निघणार नाही. गोंद गरम होऊन कागदात मुरलाय. ओढलं तर शाई घेऊनच येईल." मला रडू आलं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा थोडा वेळ. आम्ही काय करतो ते तरी बघून जा." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी बसले. नंतर रजा काढून तीन आठवडे गेले.

मैत्रिणींनो, त्या कामाची ओळख करून देते. ऐकलंत तर तुमच्या लक्षात येईल की हे काम आपल्या घरच्या कामासारखं आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याला कोणी विचारत नाही.

सकाळी आल्यावर ताई पहिल्यांदा खोलीतली दमट हवा मोजणाऱ्या काट्याकडे बघत. पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर बरं. फार दमट झालं की बुरशी धरते, फार कोरडं झालं की कागद पापडासारखा तडकतो. त्याहूनही वाईट म्हणजे सारखा बदल. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. कागद फुगतो, आकसतो, परत फुगतो. आपल्याकडचे कागद घडीवरच का तुटतात, ते यावरून समजतं.

मग पुस्तक हातात घ्यायचं. आधी पानं मोजून पेन्सिलीने आकडे घालायचे, म्हणजे एकही पान इकडचं तिकडे होत नाही. मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे धूळ झाडायची. टाचण्या, पिना, जुनी चिकटपट्टी काढायची. पिनेचा गंज कागदाला भोक पाडतो आणि चिकटपट्टीचा डिंक वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. मग शाईची परीक्षा. एका कोपऱ्यातल्या अक्षरावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवायचा आणि टीपकागदाने टिपायचा. टीपकागदावर रंग उतरला तर त्या पानाला पाणी लावायचं नाही. जांभळा शिक्का आणि अंगठ्याचा ठसा पाण्यात पसरण्याची भीती फार. आपल्या बायकांच्या कागदांवर नेमके तेच असतात.

शाई पक्की असेल तर पानाला अंघोळ. ट्रेमध्ये पातळ कापडावर पान ठेवायचं आणि पाण्यात सोडायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं. ती कागदातली वर्षानुवर्षांची घाण आणि आम्ल. नंतर चुन्याच्या निवळीत बुडवायचं. हो, चुन्याची निवळी, आपल्या घरी करतात तशीच. कागदात आम्ल साठलं की तो आतून जळत जातो, चुना ते आम्ल मारतो. मग टीपकागदांच्या मध्ये ठेवून हलक्या दाबाखाली वाळवायचं. उन्हात कधीच नाही.

फाटलेलं जोडायला खळ. मैद्यातला चिकट भाग धुऊन काढायचा, राहिलेला साका मंद आचेवर सारखा ढवळत शिजवायचा आणि गाळून घ्यायचा. रोज लागेल तेवढीच करायची, शिळी वापरायची नाही. त्यावर जपानी टिश्यू, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, जाळीसारखा पातळ पण चिवट कागद. त्याची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि ते जुन्या कागदाच्या तंतूंत मिसळतात. दिवसभर मान खाली घालून आठदहा पानं होतात. मी तीन दिवसांत दोन पानं केली आणि त्यातलं एक ताईंनी सोडवून परत करायला लावलं.

ते सोडवता आलं, हेच या कामाचं मर्म. जी दुरुस्ती पुढच्या माणसाला सोडवता येणार नाही ती करायची नाही. खळ कोमट पाण्याने सुटते. लॅमिनेशन सुटत नाही.

आता जरा आपल्या मुलखाकडे वळते. इथून जळगावच्या रस्त्याला लागलं की एरंडोल लागतं. एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा त्याची नोंद आहे. आपल्या देशात हा धंदा कागदी मुसलमान कुटुंबांचा. जुन्या चिंध्या, गोणपाट, दोर कुटून त्यांचा लगदा करायचा, चुना घालून मुरवायचा, कागद उचलायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. अशा कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली तीनशे वर्षांपूर्वीची पानं आजही उलटता येतात. आणि आपल्या आजीच्या वेळचं वर्तमानपत्र हातात घेतलं तर चुरा होतो. कारण नंतरचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा आला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी नि राळ आली. तुरटीतून आम्ल तयार होतं. म्हणजे जुनं तेवढं आधी मरतं असं नाही. शंभर वर्षांपूर्वीची पोथी जगते आणि १९९० सालचा आपल्या मोर्च्याचा पत्रक-कागद आधी मरतो. बायकांच्या चळवळीचा बहुतेक इतिहास असल्याच कागदावर आहे. सायक्लोस्टाइलची पत्रकं, स्वस्त वह्या, कार्बन लावून काढलेले अर्ज.

आणि कोणाचा कागद सांभाळायचा हे ठरवतं कोण? या पारोळ्यात भुईकोट किल्ला आहे, १७२७ साली बांधलेला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या नेवाळकर घराण्याशी या गावाचं नातं सांगतात. १८५७ नंतर इंग्रजांनी इथली जहागीर जप्त केली, किल्ला पाडला. हे आपल्याला माहीत आहे, कारण जहागिरीचे कागद असतात, सनदा असतात, सरकारी नोंदी असतात. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. गावोगाव वणवण करून त्यांनी दप्तरं गोळा केली आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखितं सांभाळली आहेत. हे काम मोठंच आहे. पण त्या किल्ल्यात दळणारी, पाणी भरणारी बाई कोणत्या रुमालात बांधली आहे? तिचा कागदच झाला नाही.

जिचा झाला तिचं बघा. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो आज आपण शिबिरात वाचतो, कारण त्या नियतकालिकाचे जुने अंक टिकले. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालची. पुढे ती जवळजवळ विसरली गेली. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा छापून आणली, तेव्हा आपल्या पिढीच्या हातात आली. मधली नव्वद वर्षं ती प्रत कुठे तरी वाळवीच्या आणि पावसाच्या तडाख्यातून वाचली होती. आणि आपल्या बहिणाबाई! लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी जात्यावर, शेतात तोंडी चालायची. मुलाने, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकाने ती वहीत उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ती वही पावसात भिजली असती तर? खानदेशातल्या आणखी किती बहिणाबाईंची वहीच झाली नसेल, हा हिशेब तर कोणी मांडलेलाच नाही.

मी मघाशी त्या ताईंबद्दल सांगत होते. बावीस वर्षं त्या हे काम करत होत्या, त्यातली बहुतेक रोजंदारीवर. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, देणगीदाराचा शिक्का असतो. ज्या हाताने ते जिवंत ठेवलं त्याचं नाव कुठेही नसतं. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "नाव नसल्याचं नाही वाटत. पगार नसल्याचं वाटतं." हे वाक्य मी आपल्या अंगणवाडीच्या मैत्रिणींसाठी मुद्दाम लक्षात ठेवलं.

आता मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट. एके दिवशी एका जुन्या वहीचं पान माझ्यापुढे होतं. कसरीने खाल्लेलं. एका ओळीत मधली दोन अक्षरं भोकात गेली होती. मागचं-पुढचं वाचून शब्द कोणता ते कोणालाही कळलं असतं. मी भोकावर नवा कागद बसवला आणि म्हटलं, "ताई, बारीक पेनाने लिहून टाकू का? वाचणाऱ्याला सोपं जाईल." त्या म्हणाल्या, "भोक बुजवायचं, अक्षर लिहायचं नाही. तिथे काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला वाटतं एवढंच."

मी परत आले आणि आमच्या केंद्राची जुनी रजिस्टरं दुरुस्तीला काढली. दुरुस्ती करताना पान न् पान वाचावं लागतं. मैत्रिणींनो, मला लाज वाटली. एकापाठोपाठ एक चाळीसेक बायकांच्या नोंदींत तेच वाक्य. 'पतीने शारीरिक व मानसिक छळ केला.' चाळीस बाया एकसारखं बोलल्या असतील का? ते वाक्य त्यांचं नव्हतं. ते माझं होतं, माझ्या सहकारणीचं होतं. त्या सुरतेवाल्याच्या बायकोच्या नोंदीतही तेच होतं. मला आठवत होतं, ती वेगळंच काही म्हणाली होती. नवरा सणाला घरी आला की तिच्याशी बोलायचा नाही, जेवण झालं की ताट पायाने सरकवायचा, एवढं ती सांगत होती. त्या ताटाचं मी 'मानसिक छळ' केलं आणि ताट गेलं. तिने जिथे सांगता सांगता थांबून घेतलं, तिथे मी माझं अक्षर लिहून टाकलं होतं. चांगल्या हेतूने. लॅमिनेशनही चांगल्या हेतूनेच केलं होतं.

कायद्याची भाषा लागते, हे मी नाकारत नाही. पूर्वी खावटी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मागायचो, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम १४४ आलं. अर्जात कायद्याचेच शब्द हवेत. पण रजिस्टरात आता आम्ही दोन भाग केले आहेत. वर तिचे शब्द, तिच्या अहिराणीत, ती म्हणाली तसे. ती थांबली तिथे रिकामी जागा. खाली आमची कायद्याची ओळ, आणि ती लिहिणारीची सही. पुढे वाचणाऱ्याला बाई कुठे संपते आणि कार्यकर्ती कुठे सुरू होते ते दिसलं पाहिजे.

जाता जाता, उद्यापासून करता येईल असं थोडं सांगते. हे घरी जाऊन गटात सांगा.

जुना किंवा मूळ कागद लॅमिनेशनला देऊ नका. आधी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, मग मूळ कागद साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात नुसता सरकवून ठेवा. तोंड उघडं असू द्या. घडी घालू नका. मोठा असेल तर पुठ्ठ्यावर आडवा ठेवा. टाचणी, स्टेपल, रबर, चिकटपट्टी नको. जुनं धुतलेलं सुती कापड घेऊन त्यात बांधा. जुन्या दप्तरांना रुमालात बांधत ते उगीच नाही. कापड धूळ आणि उजेड अडवतं आणि हवा खेळू देतं. पेटी जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. वाळवी तिथूनच येते. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवला तर चालतो, पण कागदाला लागू देऊ नका. आणि वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, पेटी उघडून बघा. हाताने उघडणं हे सगळ्यात मोठं औषध आहे.

कागद भिजलाच तर उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. सुती कापडावर पसरून सावलीत, पंख्याखाली वाळवा. दोन दिवसांच्या आत, कारण त्यानंतर बुरशी धरायला लागते. एकमेकांना चिकटलेले कागद ओढू नका. आणि कपचा उडाला तर झाडून टाकू नका. पाकिटात घालून त्याच कागदाबरोबर ठेवा. त्या कपच्यावर काय आहे ते पुढे कधी तरी कोणाला तरी लागेल.

एक मागणी आपण इथून करावी असं मला वाटतं. प्रत्येक गटाने आपली वही, ठराव, पत्रकं, मोर्च्याचे फोटो एका जागी आणावेत. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात एक कपाट मागू या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, त्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे ती आपलीही आहेत. आणि त्या कपाटाची काळजी घेणाऱ्या बाईला मानधन द्यायचं, हेही त्याच अर्जात लिहू या. फुकट सेवा म्हणून कोणा मैत्रिणीच्या गळ्यात ते घालायचं नाही.

ते निळं पत्र आजही माझ्याजवळ आहे. खावटीचा हुकूम हातात आला त्या दिवशी मी ते तिला परत द्यायला गेले होते. तिने प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं, 'सौ.' होता त्या जागेवर थांबलं आणि म्हणाली, "तुनाजोडे ठेव." तुझ्याजवळच ठेव. त्या जागी मी काही लिहिलेलं नाही.

एवढंच. आता तुमच्या पिशव्या काढा. आपण एकेकीचा कागद बघू या.